माती तसे धान्य, धान्य तसे लेकराचे काळीज



शेतीखात्याच्या माणसाने खतावर लिहावे, बोंडअळीवर लिहावे, फार तर पीकविम्यावर लिहावे. लहान मुलांच्या हृदयाच्या आजारावर त्याने कशाला लेखणी उचलावी, असे तुम्ही विचाराल. तुमचे बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला, मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा विस्ताराचा माणूस आहे. पण एका शेतकऱ्याने मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न दवाखान्याइतकाच मातीचाही आहे, असे विचार केल्यावर लक्षात आले. म्हणून आज बियाणे-खते बाजूला ठेवून हा विषय घेतो.

झाले असे. हरभरा निघाल्यावर मी एका गावात मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. बांधावरच्या लिंबाखाली चार वर्षांचा एक मुलगा बसून होता. त्याची बहीण आणि वाड्यावरची दोन पोरे करडांमागे धावत होती. हा मात्र जागचा हलत नव्हता. मी सहज म्हणालो, "काय रे, तू नाही खेळत?" त्याचे वडील हसून म्हणाले, "लई आळशी आहे सायेब. दहा पावलं चालला की कडेवर घ्या म्हणतो." बाजूला त्याची आई खुरपे घेऊन उभी होती. ती हळूच बोलली, "रात्री आडवा निजत नाही. पाठीला गोधड्या लावून बसवावं लागतं." तिच्या बोलण्याकडे वडिलांनी लक्ष दिले नाही आणि खरे सांगायचे तर मीही दिले नाही. व्ही आकाराचा खड्डा घेतला, माती चाळली, पिशवीवर गट नंबर टाकला आणि निघून आलो.

पुढे कळले की त्या मुलाला दोनदा खोकल्याचे औषध झाले, एकदा दम्याचे झाले. शेवटी अंगणवाडीत मुले तपासायला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. एक्स-रेमध्ये हृदय मोठे दिसले. सोनोग्राफीसारखी इकोची तपासणी झाली. हृदयाचा स्नायूच सैल पडला आहे, ताणला गेला आहे, त्याला जोर राहिलेला नाही, असे निदान झाले. औषधे सुरू झाली.

मी मातीचे कार्ड द्यायला परत गेलो तेव्हा ते गृहस्थ ओसरीवर बसले होते. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "सायेब, माझ्या रानात काय कमी आहे ते ह्या कार्डावर लिहिलंय. माझ्या पोरात काय कमी होतं, ते कुणाच्या कार्डावर लिहिलंय?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "डॉक्टर म्हणतात लाखात एकाला होतो. मग नेमका माझ्याच घरी कसा उगवला?"

मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी वाचले, जाणकारांना विचारले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

लाखात एक म्हणजे किती?

हृदय म्हणजे पाणी ओढणारी मोटार समजा. काही मुलांच्या हृदयाला जन्मतः छिद्र असते, किंवा नळ्या चुकीच्या जोडलेल्या असतात. म्हणजे पाइपलाइनचा दोष. हा दोष बराच आढळतो, हजार जन्मांमागे आठ-नऊ मुलांत. काही मुलांना घसादुखी आणि सांधेतापातून हृदयाच्या झडपांचा आजार होतो. तो फूटव्हॉल्व्हचा बिघाड म्हणा. पण तिसरा एक प्रकार असा की पाइप चांगला, व्हॉल्व्ह चांगला, मोटारीतच दम नाही. हृदयाचा स्नायूच आजारी. याला डॉक्टर लोक कार्डिओमायोपॅथी म्हणतात.

हा तिसरा आजार दुर्मिळ आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत डॉक्टरांनी वर्षानुवर्षे नोंदवही ठेवून मुलांची मोजणी केली. 2003 साली दोन्हीकडचे आकडे प्रसिद्ध झाले. अमेरिकेत लाख मुलांमागे वर्षाला 1.13 नवे रुग्ण, ऑस्ट्रेलियात दहा वर्षांखालच्या लाख मुलांमागे 1.24. एक वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळांत हे प्रमाण कितीतरी जास्त, अमेरिकेच्या मोजणीत लाखामागे आठच्या पुढे. कारण विचाराल तर काही मुलांत ते रक्तातून, म्हणजे घराण्यातून येते. काहींत विषाणूच्या तापानंतर हृदयाला सूज येते. काहींत आहारातल्या उणिवेने होते. आणि निम्म्याहून अधिक मुलांत नेमके कारण हातीच लागत नाही.

आता हा आकडा गावावर बसवून बघू. एखाद्या गावात एक ते नऊ वर्षांची तीनशे मुले आहेत असे धरा. लाखाला एक या हिशेबाने त्या गावात असा रुग्ण तीनशे वर्षांत एकदा निघेल. म्हणजे गावाला हा आजार कधी माहीतच होणार नाही. आजी-पणजीच्या आठवणीत नाही, आशाताईंच्या पाहण्यात नाही. म्हणूनच पोराला आळशी म्हटले जाते, दमेकरी म्हटले जाते, कुणी नजर लागली म्हणते. यात आईबापाचा दोष नाही. आजार दुर्मिळ असणे हाच त्याचा मोठा धोका आहे. पण दहा लाख मुले असलेल्या जिल्ह्याचा हिशेब केला तर दरवर्षी दहा-अकरा घरांत हे दुखणे नव्याने शिरते. ती घरे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढेच.

जिथे हाच आजार गावोगाव होता

पण बंधूंनो, लाखात एक हा आकडा सगळ्या मातीत सारखा नसतो. एका भागात तो हजारात तेरा-चौदा होता. ती हकिगत शेती करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

चीनच्या ईशान्येला केशान नावाचा एक तालुक्यासारखा भाग आहे. 1935 च्या हिवाळ्यात तिथे खेड्यातली माणसे अचानक मरू लागली. छातीत घुसमट, उलट्या, हातपाय गार, आणि काही तासांत खेळ खलास. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जागोजागी मेलेला दिसला. आजाराला त्या भागाचेच नाव पडले, केशान रोग. पुढे लक्षात आले की हा रोग केवळ केशानमध्ये नाही. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, चीनच्या नकाशावर तिरपा पट्टा ओढावा तसा तो पसरलेला आहे. बळी मुख्यतः दोन. लहान मुले आणि बाळंतपणाच्या वयातल्या बाया.

तिथल्या संशोधकांना एक गोष्ट खटकली. रोग शेतकऱ्यांच्या घरात होता. त्याच भागात राहणाऱ्या, पण बाहेरून आलेले धान्य खाणाऱ्या नोकरदारांच्या घरात तो जवळजवळ नव्हता. हवा तीच, पाणी तेच, थंडी तीच. फरक ताटाचा होता. शेतकरी फक्त आपल्या रानात पिकलेलाच मका, भात, सोयाबीन खात होता.

दुसरी खूण जनावरांनी दिली. त्याच पट्ट्यात वासरे आणि कोकरे स्नायूंच्या एका आजाराने लुळी पडत होती. मांस कापले तर पांढरट, उकडल्यासारखे दिसे. पशुवैद्यकांना तोवर ठाऊक झाले होते की हा पांढऱ्या स्नायूंचा आजार सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याच्या कमतरतेने होतो आणि सेलेनियम दिल्यावर जनावर सुधारते. मग प्रश्न आलाच. जे वासराच्या स्नायूला, ते लेकराच्या हृदयाला लागू नसेल कशावरून? हृदय म्हणजेही स्नायूच.

माती तपासली, दाणे तपासले. रोगाच्या पट्ट्यातल्या धान्यात किलोमागे 0.02 मिलिग्रॅमपेक्षाही कमी सेलेनियम निघाले.

मग सिच्वान प्रांतातल्या मियानिंग तालुक्यात प्रयोग झाला. एक ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी काहींना आठवड्याला एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी दिली. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धा मिलिग्रॅम, मोठ्यांना एक मिलिग्रॅम. बाकीच्या मुलांना तशीच दिसणारी साधी गोळी दिली. 1974 साली साधी गोळी घेणाऱ्या 3985 मुलांत 54 जणांना रोग झाला. सेलेनियम घेणाऱ्या 4510 मुलांत झाला तो फक्त 10 जणांना. 1975 साली पुन्हा तेच. एकीकडे 5445 मुलांत 52, दुसरीकडे 6767 मुलांत 7. एवढे पाहिल्यावर निम्म्या लेकरांना साधी गोळी देत राहणे पटण्यासारखे नव्हते. 1976 पासून सगळ्यांनाच सेलेनियम दिले. त्या वर्षी साडेबारा हजार मुलांत चार रुग्ण निघाले. 1977 साली एकही नाही.

आता आपले तीनशे मुलांचे गाव पुन्हा डोळ्यांसमोर आणा. साधारण हिशेबाने तीनशे वर्षांत एक रुग्ण. मियानिंगच्या 1974 च्या हिशेबाने एका वर्षात चार. आजार हृदयाच्या स्नायूचाच. खालची माती तेवढी वेगळी.

पीक हिरवेगार, तरी दाणा अपुरा

तुम्ही म्हणाल, एवढी कमतरता होती तर तिथल्या शेतकऱ्याला पिकावर दिसली कशी नाही? यातच शेतीचा मोठा धडा आहे.

जस्त कमी पडले की मक्याच्या पानावर पांढरट पट्टे येतात, भात तांबूस पडतो. लोह कमी पडले की उसाची, भुईमुगाची पाने पिवळी होतात. हे आपण ओळखतो, फवारणी करतो. पण सेलेनियमचे तसे नाही. आपल्या नेहमीच्या पिकांचे त्याच्यावाचून अडत नाही. सेलेनियम नसलेल्या जमिनीतही मका कमरेच्या वर जातो, कणीस भरते, उतारा पडतो. पीक तक्रार करत नाही, म्हणून शेतकरीही करत नाही. तक्रार करते ते त्या दाण्यावर वाढणारे वासरू आणि त्या दाण्यावर वाढणारे लेकरू. शरीरात सेलेनियमचे काम गंजरोधक तेलासारखे समजा. पेशी काम करताना जी जाळपोळ होते, ती आवरणाऱ्या पदार्थांत सेलेनियम लागते. हृदय तर जन्मापासून एक क्षण थांबत नाही. तिथे हे तेल कमी पडले की झीज आधी होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केशान रोगाला सेलेनियमची कमतरता हे एकच कारण नव्हते. रोग ऋतूनुसार वाढायचा-कमी व्हायचा. उत्तरेत हिवाळ्यात, दक्षिणेत मुलांमध्ये उन्हाळ्यात. माती तर ऋतूनुसार बदलत नाही. म्हणून विषाणूचा संशय आला आणि रुग्णांमध्ये कॉक्सॅकी नावाचा विषाणू सापडलाही. 1990 नंतर अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाले. एरवी निरुपद्रवी असलेला हा विषाणू सेलेनियम नसलेल्या उंदराच्या अंगात गेला की बदलतो आणि हृदयावर चाल करतो, असे दिसले. म्हणजे आपल्याच भाषेत सांगायचे तर कीड तर असतेच, पण पीक अशक्त असले की ती डोके वर काढते.

पुढे चीनमध्ये हा रोग ओसरला. गोळ्यांनी आणि सेलेनियम घातलेल्या मिठाने ओसरला, तसाच ताट बदलल्यानेही ओसरला. रस्ते आले, बाजार आला, चार ठिकाणचे धान्य घरात येऊ लागले, अंडी-मांस परवडू लागले. एकाच मातीवरचे अवलंबन संपले.

असा संशय आपल्या देशातही एका आजाराबाबत घेतला गेला. केरळच्या किनारपट्टीवर गरिबांच्या मुलांत आणि तरुणांत हृदयाचे आतले अस्तर जाड होऊन हृदय आखडण्याचा आजार बराच होता. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचे हृदयशल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन यांनी तिथल्या मोनाझाइट वाळूतले सेरियम आणि आहारातल्या मॅग्नेशियमची कमतरता यांचा त्याच्याशी संबंध असावा, असे मत मांडले. ते पूर्णपणे सिद्ध झाले असे नाही. पण राहणीमान सुधारत गेले तसा हा आजारही विरळ होत गेला. एक मोठा सर्जन शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून वाळूकडे आणि ताटाकडे पाहतो, हे मला फार मोलाचे वाटते.

पण थांबा, सेलेनियमची पुडी शोधू नका

इथवर वाचून कुणी उठून कृषी सेवा केंद्रात सेलेनियमचे औषध मागायला जाईल, तर त्याने आधी पुढचे वाचावे.

पहिली गोष्ट, केशान रोग चीनच्या त्या पट्ट्याचा. तो आपल्या गावात आहे असे मी म्हणत नाही. त्या मुलाला सेलेनियमअभावीच आजार झाला असेही म्हणत नाही. त्याच्या डॉक्टरांनीही तसे सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट, सेलेनियम हे दुधारी हत्यार आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 40 ते 55 मायक्रोग्रॅम पुरते. रोज 400 च्या वर जाऊ लागले की ते विष होते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, ध्यानात घ्या. ज्या चीनमध्ये त्याच्या अभावाने मुले गेली, त्याच चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1960 नंतरच्या काळात त्याच्या अतिरेकाने माणसांचे केस आणि नखे गळाली. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर या भागांत शिवालिकच्या डोंगरातून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम जास्त आहे. तिथे जनावरांचे खूर सुटतात, केस झडतात.

आणि लांब कशाला जायचे? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव तालुक्याचे प्रकरण तुम्ही सर्वांनी वाचले आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या आणि आसपासच्या गावांत तीन-चार दिवसांत माणसांना टक्कल पडू लागले. विंचूदंशावरच्या उपचारामुळे सगळ्यांना माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त निघाल्याचे त्यांनी सांगितले. गव्हाबद्दल उलटसुलट चर्चाही झाली. पण एवढे खरे की टक्कल दिसते, म्हणून गाव ओरडले आणि दिल्लीपर्यंतची पथके धावली. हृदय छातीच्या आत असते. ते ओरडले तर ऐकणार कोण?

सरकारने ठरवून, मोजून केले तर खतातूनही हे काम होते. फिनलंड देशाची जमीन सेलेनियममध्ये कमी. तिथे 1984 साली निर्णय झाला आणि रासायनिक खतातच ठरावीक मात्रेत सेलेनियम घालायला सुरुवात झाली. पण ते दरवर्षी धान्य, दूध, माणसांचे रक्त तपासत राहिले आणि मात्रा कमी-जास्त करत राहिले. आपण कुणाच्या तरी सांगण्यावरून पंपात पुडी टाकणे आणि ते काम, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वह्या दोन, गाव एकच

मग हे सगळे सांगण्याचा मुद्दा काय? मुद्दा मोजणीचा आहे.

केशानचे कोडे सुटले ते एकट्या डॉक्टरमुळे नाही, एकट्या शेतीतज्ज्ञामुळे नाही, एकट्या पशुवैद्यामुळेही नाही. कोणत्या गावात किती मुले आजारी पडली, त्या गावची माती कशी, त्या गावची वासरे कशी, हे तिन्ही आकडे एका नकाशावर आले तेव्हा ते सुटले. आपल्याकडे काय आहे? 2015 साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन. या बाराही गोष्टी पिकासाठी मोजल्या जातात. माणसाला लागणारे पण पिकाला न लागणारे सेलेनियम त्यात नाही, आयोडीन नाही. आमच्या पत्रिकेचे नावच मातीचे आरोग्य. खाणाऱ्याच्या आरोग्याचा तिला पत्ता नाही. माझ्याच खात्याबद्दल बोलतो आहे, म्हणून स्पष्ट बोलतो.

दुसरीकडे आरोग्य खात्याची वही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली मुले वर्षातून एकदा तपासते. चांगले काम आहे. त्या मुलाचा आजार पकडला तो याच पथकाने. पण त्यांची वही तालुक्याच्या दवाखान्यात जाते, आमची वही तालुका कृषी कार्यालयात जाते, जनावरांची वही पशुवैद्यकीय दवाखान्यात जाते. तिन्ही इमारती बहुधा एकाच रस्त्यावर असतात. तिन्ही वह्या एका टेबलावर मांडलेल्या मी माझ्या नोकरीत पाहिलेल्या नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे.

ग्रामसेवक भाऊसाहेब (आता तुमचे पद ग्रामपंचायत अधिकारी झाले असले तरी गाव तुम्हाला याच नावाने ओळखते), गावात पाच-दहा वर्षांत किती मुले हृदयाच्या दुखण्याने आजारी झाली, किती दगावली, डॉक्टरांनी कागदावर काय लिहिले, एवढी एक पानाची नोंद आशाताईंकडून करून घ्या. मुलाचे नाव चावडीवर लावायचे नाही. फक्त संख्या आणि वस्ती. ही नोंद गावच्या आरोग्य-पोषण समितीत ठेवा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. एका गावात एक निघाला तर तो लाखातला एक. पण शेजारच्या चार वस्त्यांत चार निघाले, तर तो योगायोग म्हणून सोडून द्यायचा नाही. तिथली माती, पाणी, धान्य तपासायची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करायची. अशा ठिकाणी माती काढायला मी आणि माझे सहकारी स्वतः येऊ.

सरपंच मंडळींना विनंती. मातीच्या पत्रिकांचा गोषवारा पंचायतीच्या भिंतीवर लागतो, किंवा लागायला हवा. त्या दिवशी अंगणवाडीताईंना आणि जनावरांच्या डॉक्टरांनाही बोलवा. गावच्या जमिनीत जस्त कमी, लोह कमी असे आम्ही सांगतो. त्याच गावच्या मुलांची वाढ खुंटलेली, बायांचे रक्त कमी, असे ताई सांगतात. हे दोन्ही एकत्र बोललो तर कदाचित काही धागा सापडेल, कदाचित नाही. पण बोललोच नाही तर नक्कीच सापडणार नाही.

शेतकरी बंधूंना सांगणे साधे आहे. वर्षभर एकच धान्य, तेही एकाच वावरातले, असे ताट लेकराचे ठेवू नका. ज्वारी आहे तर बाजरीही असू द्या. डाळ, शेंगदाणा, तीळ, परसातली शेवग्याची पाने, जमेल त्याला अंडे, मासळी, दूध. एका मातीत जे नाही ते दुसऱ्या मातीतून येते. आपले म्हातारे मिश्र पीक घेत आणि मिश्र खात, त्यात शहाणपण होते.

आणि आयांनो, तुमच्यासाठी शेवटचे आणि सगळ्यात महत्त्वाचे. तुम्हाला जे दिसते ते बोला, आणि कुणी ऐकले नाही तर पुन्हा बोला. बाळ अंगावर पिताना मध्येच थांबते, धापा टाकते, कपाळाला दरदरून घाम येतो. वजन वाढत नाही. खोकला-दमा म्हणून औषध होते पण फरक पडत नाही. खेळता मुलगा बसून राहतो. आडवे निजले की घुसमटतो. डोळ्यांखाली, पायांवर सूज येते, पोट फुगते. खेळताना चक्कर येऊन पडतो. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेले आहे. यातले काहीही असेल तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "छातीचा एक्स-रे आणि हृदयाची इको तपासणी लागेल का?" असे स्पष्ट विचारा. बाल स्वास्थ्य पथकामार्फत पुढे पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, खर्चाची वाट निघते.

उशीर का करू नये, तेही सांगतो. तान्ह्या बाळांत असा एक प्रकार असतो की ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी झाल्याने हृदय ढिले पडते. आईच्याच अंगात ते कमी असते, बाळाला ऊन मिळत नाही. भारतात आणि इंग्लंडमध्येही अशी बाळे डॉक्टरांनी पाहिली आहेत. वेळेत ओळखले तर साध्या, स्वस्त औषधांनी हे हृदय काही महिन्यांत पूर्ववत होऊ शकते. ओळखले नाही तर बाळ जाते. सगळ्या मुलांचे नशीब इतके सोपे नसते. काहींचे हृदय औषधांनी सावरते, काहींना जन्मभर औषध लागते, काही हाताला लागत नाहीत. पण कोणते मूल कोणत्या गटातले, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

तो मुलगा आज औषधावर आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा आडवा झोपतो म्हणून त्याच्या आईने सांगितले. करडांमागे अजून धावत नाही, पण त्यांच्या मागे चालत जातो. त्याच्या वडिलांनी विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही. त्यांच्याच घरी का, हे मला सांगता येत नाही. पण लेकरात काय कमी आहे ते कुणाच्या कार्डावर लिहिले आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात आहे. आजवर ते कुणाच्याच कार्डावर नव्हते. ते लिहायला आपण सगळ्यांनी मिळून सुरुवात करू.

खाण तशी माती म्हणतात. मी त्यात एवढेच जोडीन, की मातीची पिशवी भरताना बांधावर बसलेल्या लेकराकडेही एकदा बघावे. त्या दिवशी मी बघितले नव्हते.

(लेखक कृषी विस्ताराचे काम करतात. लेखातील मते त्यांची वैयक्तिक आहेत.)